मोठे गड्डे जमिनीचे

लसणाचा गड्डा उलटा करून त्याचं बूड पाहिल्याशिवाय कुठल्याही घराविषयी मत बनवू नये, असं मानणारा या पृथ्वीवर एकच माणूस असावा, आणि अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमधली पहिली अडीच वर्षं मी त्याच माणसाच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिले. ते माझे घरमालक काका. कुणाकडे जेवायला गेले की काका बूट काढून सोफ्यावर बसत नाहीत. थेट किचनमध्ये जातात, टोपलीतला लसूण उचलतात, उलटा करतात आणि त्याच्या बुडावरून अंगठा फिरवतात. यजमानीणबाईंना वाटतं, बिचाऱ्यांना फार भूक लागलेली दिसते. मग काका त्यांना समजावून सांगतात की बाहेरच्या देशातून आलेल्या लसणाचं बूड असं गुळगुळीत असतं, कारण माती घेऊन इकडे यायची त्याला परवानगी नाही, म्हणून मुळं पार तासून टाकतात. इथल्या जमिनीतल्या लसणाला खाली छान दाढी असते. "दाढी बघून घ्यायचा," ते सांगतात, "जावई नव्हे, लसूण." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान चाळीस घरांत ऐकलं आहे. दर वेळी ते स्वतःच हसायचे आणि दर वेळी काकू छताकडे बघायच्या.

मला माणसांशी बोलायला वेळ लागतो. पुण्याहून आल्यावर पहिल्या महिन्यात मी ज्या ज्या मराठी घरात गेले, तिथे मला व्हिसा, पगार आणि लग्न या क्रमानं प्रश्न विचारले गेले. मी मान हलवून हसायचे आणि ताटातल्या कोशिंबिरीकडे बघायचे. काकांनी मला पहिल्या दिवशी किल्ली देताना एकच प्रश्न विचारला. कच्चा लसूण खातेस का? मी नाही म्हणाले. त्यांनी चेहरा इतका गंभीर केला की मला वाटलं, आता खोली मिळत नाही. पण त्यांनी फक्त "हरकत नाही, शिकशील" म्हटलं आणि किल्ली दिली. पुढच्या अडीच वर्षांत त्यांनी मला व्हिसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बोलायचं सगळं काम ते स्वतःच करायचे, आणि विषय एकच असल्यामुळे मला पुढच्या वाक्याची धास्ती वाटायची नाही. परक्या देशात हे किती मोठं सुख असतं ते लाजाळू माणसालाच कळेल.

काकांच्या घराण्यात शेती कुणीच केलेली नाही. वडील बँकेत, आजोबा पोस्टात. स्वतः काकांनी पुण्यात असताना गणपतीच्या दूर्वासुद्धा विकत आणल्या, असं काकू सांगायच्या. अमेरिकेत येऊन ते डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं काम करू लागले, आणि पन्नाशी उलटल्यावर एका दुपारी इंडियन स्टोअरमध्ये लसणाच्या जाळीवर छापलेलं देशाचं नाव त्यांनी प्रथमच वाचलं. तोवर त्यांची समजूत होती की एवढ्या अवाढव्य देशात लसूण तरी घरचाच असणार. मक्याची इतकी शेतं आहेत, सोयाबीन बोटी भरभरून बाहेर जातं, आणि फोडणीतला लसूण मात्र समुद्र ओलांडून येतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. काकू म्हणाल्या, "देश त्यांचा, लसूण त्यांचा, तुमच्या पोटात का दुखतंय?" काका म्हणाले, फोडणी आपली आहे. मग त्यांनी पश्चिमेला अर्ध्या तासावर एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंकडून पाव एकर जमीन कसायला घेतली. त्यांना देश सुधारायचा नव्हता. आपल्या ओळखीच्या साठ-सत्तर घरांना वर्षातले आठ महिने बाहेरचा लसूण घ्यावा लागू नये, एवढंच. "आपला पिनकोड सुधारला तरी पुष्कळ," ते म्हणायचे.

शेतात जाताना काका गळ्यात ऑफिसच्या आयडीचा पट्टा घालायचे. त्याला आयडीऐवजी मोजपट्टी लटकवलेली असायची. प्रत्येक पाकळी दुसरीपासून वीतभर अंतरावर आणि दोन बोटं खोल, यात तडजोड नाही. मातीत त्यांनी तापमान मोजायचं यंत्र पुरून ठेवलं होतं आणि ते फोनला जोडलं होतं. माती फार गार किंवा फार ओली झाली की ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांच्या खिशातून बेडकासारखा आवाज यायचा. एकदा त्यांच्या मॅनेजरनं विचारलं, सर्व्हर डाउन आहे का? काका म्हणाले, सर्व्हर डाउन झाला तर बघायला बारा माणसं आहेत, ही माझी पर्सनल माती आहे. जिथे एकदा लसूण लावला तिथे पुढची तीन वर्षं ते लावत नसत. तिथे क्लोव्हर किंवा बकव्हीट असं हिरवळीच्या खताचं पीक पेरून ते जमिनीतच मुरवायचे. शनिवारी कुणी पाहुणे शेत बघायला आले आणि एवढी चांगली जागा रिकामी का, असं म्हणाले, की काका गवताकडे मायेनं बघत सांगायचे, "ती रजेवर आहे. पगारी."

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्याबरोबर गाडीत बसायला फार धैर्य लागायचं. आमच्या कॉलनीत लोक अंगणातली गळालेली पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात. काउंटीचा ट्रक येऊन त्या नेतो. काका ट्रकच्या आधी पोचायचे. ही पानं बारीक करून वाफ्यांवर पसरली की थंडीत लसूण उबेत राहतो आणि पुढे त्यांचंच खत होतं, त्यामुळे काकांना त्या पिशव्या म्हणजे लोकांनी रस्त्यावर टाकलेलं धन वाटायचं. मिनीव्हॅन हळूहळू चालवत ते प्रत्येक पिशवीपाशी थांबायचे, आत हात घालून वास घ्यायचे आणि ओकची पानं असतील तर मला बोलवायचे. मी सीटमध्ये जितकं खाली जाता येईल तितकं जायचे. एकदा माझ्या ऑफिसच्या टीममधला एक मुलगा कुत्र्याला फिरवत तिथून गेला. त्यानं मला दोन्ही हातांत कचऱ्याची पिशवी धरलेलं पाहिलं. सोमवारी त्यानं अत्यंत सौम्य आवाजात विचारलं, सगळं ठीक आहे ना? कॉलनीचे नियम सांभाळणाऱ्या समितीचं पत्रही काकांना आलं होतं. ते त्यांनी बारीक करून वाफ्यावर पसरलं. कागद आहे, कुजतो.

जुलैमध्ये गाड्या अंगणात आणि लसूण गराजमध्ये असायचा. काढलेल्या लसणाच्या जुड्या छतापासून उलट्या टांगलेल्या, खाली चार पंखे अहोरात्र सुरू. दोन-तीन आठवड्यांत वरची सालं कागदासारखी वाजायला लागेपर्यंत हे चालायचं. माझे सगळे स्वेटर त्या वासाचे झाले. लिफ्टमध्ये माझ्या आसपास जागा आपोआप मोकळी व्हायची, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नसे. काकूंचं म्हणणं होतं की या घराला सिक्युरिटी अलार्म लावणं म्हणजे पैशाची नासाडी.

वाळलेला लसूण निवडताना मात्र काका विनोद करत नसत. गराजच्या फरशीवर तीन ढीग व्हायचे. मोठे गड्डे जमिनीचे, मधले लोकांचे, आणि बारीक, वेडेवाकडे ते काकूंचे. मोठे गड्डे म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं. त्यांना कुणी हात लावायचा नाही. माणसं ओळखीची, हक्काची. "काका, मोठा द्या ना," म्हणायची. काका हात जोडून सांगायचे, मोठा विकायचा नसतो, मोठा पुरायचा असतो. पाच वर्षं दर हंगामात सगळ्यांत मोठे, निरोगी गड्डे निवडून तेच परत लावल्यामुळे त्यांचा लसूण इथल्या थंडीला आणि इथल्या चिकण मातीला सरावला होता. पहिल्या वर्षी तो लिंबाएवढा होता, आता मुठीएवढा होत होता. सगळी शेती त्या मोठ्या ढिगावर उभी होती. कुणीतरी एकदा विचारलं, बी कमी पडलं तर बाहेरून मागवता येतं की. काका म्हणाले, "दर वर्षी बी विकत आणायचं, तर मग तो लसूण आपला कसा? हे बी संपलं की मी जमीन बाईंना परत देणार. माझ्यात पुन्हा पाच वर्षं नाहीत." काकू शेजारी बारके गड्डे परडीत भरत होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केला, सोलून सोलून नखं गेली माझी. मोठा गड्डा काही नशिबी नाही." पण नंतर बीच्या चारही खोक्यांवर जुन्या सुती साड्या घातल्या त्या त्यांनीच.

हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण ती चार खोकी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

लावणीच्या आदल्या एक-दोन दिवसांत गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करायच्या असतात. फार आधी फोडलेल्या चालत नाहीत. एरवी काका हे काम एकटे, दोन दिवस सुट्टी घेऊन करायचे. त्या वर्षी नेमकी ऑफिसमध्ये मोठी गडबड झाली आणि शनिवारी सकाळी त्यांना बोलावणं आलं. रविवारी लावणी, पुढच्या आठवडाभर पाऊस. काकूंनी भिशीच्या मैत्रिणींना फोन केले, लसूण फोडायला या, एवढंच सांगितलं. सात-आठ जणी लगेच तयार झाल्या. निघताना काका मला म्हणाले, पाकळ्या नुसत्या सुट्या करायच्या, साल निघता कामा नये, त्यांना नीट सांग. गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा म्हणाले, "साल म्हणजे त्याचा कोट आहे. सगळी थंडी त्यावर काढतो तो. सांगशील ना?" मी मान हलवली. मान मी नेहमीच हलवते.

काकू वर बटाटेवडे तळायला गेल्या आणि गराजमध्ये जुन्या गालिच्यावर मैफल बसली. पहिली दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मग मंगलमावशींनी, म्हणजे भिशीतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी, एक पाकळी हातात घेऊन उसासा टाकला. म्हणाल्या, "पुरुषांना वाटतं पाकळ्या सुट्या केल्या की झालं काम. सोलायचं शेवटी कुणाच्या गळ्यात? तिच्याच. चला गं, आलोच आहोत तर करूनच टाकू." इतक्या सगळ्या बायकांपुढे इतका सगळा लसूण आहे आणि तो सोलायचा नाही, ही कल्पनाच त्या गराजमध्ये कुणाला शिवणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, ते साल..." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मंगलमावशी मायेनं म्हणाल्या, "राहू दे गं, तुला सवय नसेल. नखं दुखतील तुझी." आणि सगळ्या हसल्या. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला. आता मध्येच कसं बोलायचं, ही गोष्ट संपली की सांगू, असं मी ठरवलं. ती गोष्ट संपली तेव्हा एक खोकं सोलून झालं होतं. एक खोकं गेल्यावर सांगणं, हे आधी सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. एकीला युक्ती माहीत होती. दोन पातेली तोंडाला तोंड लावून धरायची, आत पाकळ्या घालून खळाखळा हलवायची, की सालं आपोआप सुटतात. ती पातेली हलवताना सगळ्यांना फार मजा आली. आणि माझ्याबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली. हात रिकामे ठेवून बसणं बरं दिसेना, म्हणून मीही सोलायला लागले.

दोन वाजता काका आले. गराजमध्ये मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांनी चार टब भरले होते आणि सालांचा वेगळा ढीग नीट झाडून कोपऱ्यात लावलेला होता. मंगलमावशी म्हणाल्या, "बघा काका, एक साल राहू दिलं नाही." काकू वड्यांचं ताट घेऊन दारात आल्या, त्यांनी टब पाहिले आणि ताट तिथेच फ्रीझरवर ठेवलं. काकांनी एका टबात हात घातला. मूठभर पाकळ्या उचलल्या आणि परत सोडल्या. मग ते म्हणाले, "इतका स्वच्छ लसूण मी जन्मात पाहिला नाही." आणि खरोखर, यापलीकडे एक शब्द नाही. प्रत्येकीचे आभार मानले, दोन वडे खाल्ले, मंगलमावशींच्या गुडघ्याची चौकशी केली, सगळ्यांना गाडीपर्यंत सोडून आले. शेवटची गाडी वळल्यावर ते पालथ्या बादलीवर बसले. काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. शेवटी काकूंनीच विचारलं, आता काय? काका उठले. म्हणाले, कोट नाही तर नाही, निदान उघड्यावर सुकायला नको. आत्ताच लावू.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघांनी लावणी केली. चेचलेल्या पाकळ्या काकूंनी वेगळ्या काढल्या. उरलेल्यांपैकी किती कुजणार आणि किती तगणार, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. काकू पंजाबी ड्रेसवर काकांचं जाकीट घालून वाफ्यात बसल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लसणाविषयी एकही टोमणा मारला नाही. मी काकांच्या शेजारच्या ओळीत होते. तासाभरानं मी मातीकडे बघत म्हणाले, "काका, मी तिथेच होते. मी सांगितलं नाही. मी पण सोलला." त्यांनी माझ्या ओळीकडे पाहिलं, वाकून एक पाकळी बाहेर काढली, फिरवली आणि परत खोचली. "टोक वर," ते म्हणाले. "ही उलटी लावली होतीस."

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी काकांच्या आधी उठून हवामान बघायचे. काका मात्र जेवताना मला जमिनीतल्या गांडुळांबद्दल सांगत राहिले, जणू काही झालंच नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पानं बाजूला सारून पाहिलं. ओळी दात पडलेल्या तोंडासारख्या दिसत होत्या. एक कोंब, मग हातभर काही नाही, मग तीन कोंब. काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि मोजत मोजत मधे भेटलो. निम्म्याहून कमी उगवलं होतं. काका बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे जमीन परत द्यायची गरज नाही."

त्या जुलैत गराजमध्ये ढीग एकच झाला. मोठे, मधले, बारके, सगळेच जमिनीचे. लोकांचे फोन आले तेव्हा काकांनी सगळ्यांना सांगितलं की यंदा लसूण नाही, पुढच्या वर्षी. काकूंनी इंडियन स्टोअरमधून गुळगुळीत बुडाच्या लसणाची जाळी आणली आणि लसणीची आमटी केली. शेती सुरू झाल्यापासून बाहेरचा लसूण घरात प्रथमच. आम्ही दोघी काकांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी भुरका मारला, थोडा वेळ विचार केला आणि वाटी पुढे केली. "वाढ आणखी." काकू आत जाऊन डोळे पुसून आल्या, आणि आल्यावर म्हणाल्या की मिरची जास्त झाली वाटतं.

ऑगस्टमध्ये मी नोकरीसाठी जर्सी सिटीला आले. इथे बाविसाव्या मजल्यावर राहते. बाल्कनी नाही. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीकडे सत्यनारायण होता. जेवण अर्थातच बिनलसणाचं. पंगतीत समोर व्हर्जिनियाहून आलेलं एक जोडपं होतं. ते त्यांच्याकडच्या एका काकांची गोष्ट रंगवून सांगत होते, सगळं बियाणं बायकांनी सोलून टाकल्याची. सगळे हसत होते. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "आणि काका स्वतःच सांगतात, सोलू नका म्हणून सांगायचं मीच विसरलो, त्या बायकांचा काय दोष."

मी पानातल्या शिऱ्याकडे बघत होते. मग मान वर करून म्हणाले, "ते विसरले नव्हते. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी गप्प बसले." माझा आवाज पंगतीच्या त्या टोकापर्यंत गेला असावा, कारण तिथल्याही दोघी वळल्या. मग शेजारच्या आजींनी विचारलं, पण पुढे काय झालं, उगवला का? मी सांगायला लागले. पाकळीचं टोक, मार्चमधल्या ओळी, ऑक्टोबरात मातीला हात लावला की किती गार लागायला हवी, सगळंच. वाढायला आलेली मुलगी वरणाचं भांडं घेऊन ऐकत उभी राहिली. शिरा गार झाला.

घरी आल्यावर काकांना फोन करावा असं फार वाटलं. पण शनिवार होता, ऑक्टोबर सरत आला होता, आणि ऊन अजून तासभर तरी टिकणार होतं. अशा वेळी काका लावणीत असतात आणि फोन गाडीत ठेवतात. मी काचेपाशी उभी राहून उजेड उतरेपर्यंत वाट पाहिली.